रोमन वजनाला ‘पासंग’ म्हणावं का?

एका वाचकाने विचारलं आहे: संग्रहालयात रोमन काळातलं, माणसाच्या चेहऱ्याचं तराजूचं वजन पाहिलं. त्याला मराठीत ‘मुखवट्याचा पासंग’ म्हणता येईल का?

मला दोन्ही शब्द खटकतात.

पासंग फारसीतून आला; त्यातला ‘संग’ म्हणजे दगड. रिकाम्या तराजूची पारडी सम नसली की हलक्या बाजूला एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा अडकवतात, तो पासंग. तो तराजूचा दोष भरून काढतो, मालाच्या हिशोबात धरत नाहीत. म्हणून तर ‘त्याच्या पासंगालाही पुरणार नाही’ म्हणतात: वजनाची बरोबरी राहू द्या, त्या खड्याचीही नाही.

वाचकाने पाहिलेलं वजन ‘स्टातेरा’ या रोमन काट्याचं; त्याचा प्रकार निराळा. एका टोकाजवळ टांगलेली लांब दांडी. आखूड बाजूला माल, लांब बाजूवर खुणा, आणि त्या खुणांवरून सरकवायचं वजन. दांडी आडवी स्थिरावली की खूण वाचायची. वजन तेच, फक्त त्याची जागा बदलते. या वजनाचं लॅटिन नाव ‘एक्विपाँडियम’, शब्दशः ‘समभार’. पण ‘समभार’ वाचून डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही. त्यापेक्षा ‘काट्याचं सरकतं वजन’ म्हणावं. वस्तूचं काम लगेच कळतं.

आता मुखवटा. गौरीचा मुखवटा आठवा: समोरून चेहरा, मागून पोकळ. हे वजन सहसा चहूबाजूंनी घडवलेलं असतं, कधी छातीपर्यंत. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात पाचव्या शतकातलं, बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन, सम्राज्ञीच्या रूपातलं असं एक वजन आहे. तांब्याच्या मिश्रधातूचं कवच, आत शिसं, वर टांगायला आकडा. पोकळ असतं तर ते वजन कसलं! इथे ‘अर्धपुतळा’च हवा.

‘लिब्रा’ या रोमन वजनी मापाच्या नावाचं भाषांतर मात्र करू नये. लिब्रा साधारण ३२७ ग्रॅमची. तिच्यासाठी ‘रत्तल’ वापरायचा मोह मला फार होतो, कारण रत्तल अरबीतून आला, अरबीत तो ग्रीक ‘लित्रा’वरून गेला, आणि लित्रा ही लिब्राची बहीणच. आपला लिटरही त्याच घरातला. पण आपल्या आजीचा रत्तल सुमारे ४५४ ग्रॅमचा, त्यामुळे वाचणाऱ्याचा हिशोब चुकेल.

तेव्हा त्या न्यूयॉर्कच्या वजनाखाली मी एवढंच लिहीन: ‘काट्याचं सरकतं वजन, सम्राज्ञीच्या अर्धपुतळ्याच्या आकाराचं. आत शिसं भरलेलं.’