गच्चीवर येऊन चिमण्या उचलणारा हा छोटा ससाणा कोणता? त्याला हाकलावं का?

कबुतराएवढा, राखाडी पाठीचा, पिवळ्या पायांचा, आणि नागपूरच्या धरमपेठेतल्या गच्चीवर तुम्ही टाकलेल्या दाण्यांवरच्या चिमण्या नेतो, म्हणजे हा शिक्रा. ससाणा नव्हे. सेमिनरी हिल्स, अंबाझरी, महाराजबाग, सगळीकडे आहे तो. दाट कडुनिंब असला की वस्तीतही राहतो.

खात्री करायची तर डोळा बघा. नराचा लालभडक, मादीचा पिवळसर-नारिंगी. छातीवर तांबूस बारीक आडवे पट्टे असले तर पक्षी मोठा झालेला, तपकिरी उभे फराटे असले तर अजून पोर. ससाण्याचे डोळे काळेभोर आणि पंख लांब, टोकदार असतात. शिक्र्याचे पंख आखूड, शेपूट लांब, त्यामुळे तो फांद्याफांद्यांतून सुसाट वळतो. मुख्यतः पक्ष्यांच्या मागे लागणारी म्हणाल तर ती तुरुमती, तांबड्या डोक्याची ससाण्याची जात. पण ती मोकळ्या माळावर नर-मादी मिळून शिकार करते, गच्चीवर कशाला येईल?

पावशाला मात्र फसू नका. जूनमध्ये ‘पेरते व्हा’ ओरडणारा हा पक्षी रंगारूपाने थेट शिक्र्यासारखा दिसतो. चोच बघायची, त्याची आकड्यासारखी नसते.

शिक्रा पानांत दडून बसतो आणि खालून, जमिनीलगत झेप घेतो. मारतो तो पंजाच्या पकडीने. मग निवांत बसून आधी पिसं उपटतो. तुमच्या कठड्यावर पिसांचा सडा पडतो तो त्यामुळेच. पण त्याचं पोट चिमण्यांवर नाही चालत हो! सरडे, पाली, उंदीर, खारीची पिल्लं, नाकतोडे, जे सापडेल ते खातो.

त्यामुळे हाकलू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं त्याला संरक्षण आहे, शिवाय हाकलून तो जातही नाही. ताटली उघड्या गच्चीच्या मधोमध असेल तर बोगनवेलीसारख्या काटेरी झुडपाजवळ सरकवा, चिमण्यांना आत घुसायला जागा मिळेल. तरी थांबेना तर काही दिवस दाणे बंद ठेवा, पाणी चालू राहू द्या. चिमण्या पांगल्या की तोही दुसरीकडे बघतो.

आणि उन्हाळ्यात जोडी सारखी ओरडत एकाच कडुनिंबावर ये-जा करत असेल, तर वर घरटं असणार. त्या झाडाची छाटणी पिल्लं उडेपर्यंत लांबवा.