सेंद्रिय द्राक्षबाग आणि ऑलिव्ह

प्रश्न : तुळजापूर तालुक्यात आमच्या एकत्र कुटुंबाची चार एकर थॉमसन जातीच्या द्राक्षांची बाग आहे. ती सेंद्रिय करावी आणि इटलीतल्या मळ्यांसारखे बांधावर ऑलिव्ह लावावेत, असा धाकट्या भावाचा आग्रह आहे. हे आपल्याकडे जमेल का?
– एक वाचक, जि. धाराशिव

उत्तर : ऑलिव्हचा नाद सोडावा. या झाडाला फुलोरा येण्यासाठी हिवाळ्यात कित्येक आठवडे सलग थंडी लागते. राजस्थानात बिकानेरकडे त्याची लागवड झाली, पण तिथला हिवाळा कडक असतो. आपल्याकडे झाड वाढले तरी फळाचा भरवसा नाही. बांधावर गिरिपुष्प लावा. वाऱ्याला आडोसा होईल, हिरवळीचा पाला मिळेल आणि शेजारच्या फवारणीचे तुषारही काही प्रमाणात अडतील.

द्राक्षबाग मात्र सेंद्रिय करता येईल. त्यातली मोठी अडचण मण्यांच्या आकाराची आहे. थॉमसनचा मणी फुगतो तो घड जीएच्या (जिबरेलिक आम्ल या संजीवकाच्या) द्रावणात बुडवल्यामुळे, आणि ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटतात ते हायड्रोजन सायनामाइडच्या पेस्टमुळे; सेंद्रिय प्रमाणीकरणात या दोहोंना मज्जाव असल्याने फूट मागेपुढे होते, मणी बारीक राहतो आणि व्यापारी घड हातात घेताच भाव पाडतो. म्हणून खाण्याच्या द्राक्षांऐवजी बेदाण्याचा विचार करावा, असे माझे ठाम मत आहे. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. गंधकाची धुरी दिली नाही, तर तो पिवळा न राहता तपकिरी होतो, हे गिऱ्हाइकाला आधीच सांगावे.

बेदाण्याला लवकर बाजार गाठायचा नसतो, त्यामुळे परतीचा पाऊस ओसरेपर्यंत फळछाटणी, म्हणजे हीच ऑक्टोबर छाटणी, लांबवता येते आणि केवडा या बुरशीजन्य रोगाचा जोर आपोआप कमी होतो. तरीही कोवळ्या पानावर तेलकट डाग आणि पानाच्या मागच्या बाजूला त्याच जागी पांढरी बुरशी दिसली, तर बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुन्याचे) चालते. मात्र त्यातल्या तांब्याच्या वापरावर मर्यादा आहे, तेव्हा प्रमाणीकरण संस्थेला विचारूनच फवारावे.

बहुवर्षायू पिकासाठी रासायनिक शेतीतून सेंद्रियकडे रूपांतराचा काळ 3 वर्षांचा असतो आणि त्या काळात माल सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. घरखर्च बागेवरच चालत असेल, तर आधी एक एकर वेगळे काढावे. तपासणीला येणारे अधिकारी खत, फवारणी आणि तोडणीची प्रत्येक नोंद पाहतात. ती वही पहिल्या दिवसापासून धाकट्या भावाकडेच सोपवावी.