खळ्यावर लहान कॉइलच लावा

भाऊ, मेटल डिटेक्टर मशीनसोबत आलेली ११ इंची कॉइल (जमिनीवरून फिरवायची तबकडी) मोकळ्या शेतात छान चालते. जुन्या खळ्यावर किंवा गोठ्याजवळ मात्र ती वैताग आणेल. तिथे खिळे, बैलांच्या नालांचे तुकडे, तारा, बुचं अगदी लगटून पडलेली असतात. मोठ्या कॉइलखाली दोन-तीन वस्तू एकदम येतात आणि खिळ्याशेजारची अंगठी झाकली जाते. ५-६ इंचाची कॉइल त्या वेगवेगळ्या ऐकवते.

शिवाय आपली खान्देशातली काळी माती बेसाल्टची, लोहयुक्त. लहान कॉइलखाली माती कमी येते, म्हणून मातीतल्या लोहामुळे येणारे खोटे आवाजही कमी. खोली थोडी घटते, पण कपाशी वेचताना पडलेली अंगठी कुठे फार खोल जाते? कॉइल डीडी प्रकारचीच (आत इंग्रजी D आकाराची दोन वेटोळी असलेली) घ्या आणि तुमच्याच मॉडेलची. नुसता प्लग बसला म्हणजे जुळली असं नाही. बदलल्यावर ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मशीन तिथल्या मातीशी जुळवून घेणं, पुन्हा करा. हात सावकाश, फेरी निम्मी आधीच्या फेरीवर चढलेली.

आणि संरक्षित वास्तूंच्या आवारात मशीन नेऊच नका. जमिनीत दडलेलं १० रुपयांहून जास्त किमतीचं जुनं काही सापडलं, तर १८७८च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं.