कारच्या अल्टरनेटरने इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या चार्ज करायच्या आहेत, व्होल्टेज रेग्युलेटर घरी कसा बनवावा?

बनवता येतो, सामानही फार महाग नाही. पण तुम्ही अल्टरनेटरचे अँपिअर सांगितलेत, बॅटऱ्या सांगितल्यात (१२ व्होल्ट, १५० एएच ट्युब्युलर, दोन पॅरलल), डिझेल इंजिनाची एचपीसुद्धा सांगितलीत. इंजिनापासून बॅटऱ्या किती लांब आहेत, हे मात्र सांगितलं नाहीत. माझ्या मते सगळा प्रश्न तिथेच आहे.

हात-दोन हात अंतर असेल तर काहीही बनवू नका. अल्टरनेटरच्या मागे, कार्बन ब्रशपाशी जो कटआउट (म्हणजे व्होल्टेज रेग्युलेटरच) असतो तो १४.२ ते १४.४ व्होल्ट धरून ठेवतो. ट्युब्युलरला तेवढं पुरतं. कंपनीने बसवलेला चालू कटआउट काढून घरचा लावण्याची हौस ज्यांना आहे त्यांनी ती दिवाळीच्या आकाशकंदिलावर भागवावी.

आमच्याकडे अंतर होतं. लोडशेडिंगची वर्षं. मळ्यातल्या घरी लाइट रात्री कधीतरी यायची आणि आली तरी व्होल्टेज इतकं पडलेलं की इन्व्हर्टर चार्जिंगच घ्यायचा नाही. विहिरीवर ५ एचपीचं, १५०० आरपीएमचं इंजिन होतं. त्याला भंगारातल्या ओम्नीचा अल्टरनेटर जोडला. इंजिनावर ८ इंची पुली, अल्टरनेटरची अडीच इंची, म्हणजे ४८०० च्या आसपास फेरे. बॅटऱ्या घरात. शेडमध्ये का नाही ठेवल्या असं विचारू नका. जिथून मोटारीची केबल रात्रीत गायब होते तिथे बॅटरी कोण ठेवणार?

मधली दहा मीटर वायर आमच्या साडूंनी आणली, ४ स्क्वेअरची (म्हणजे ४ चौरस मिलिमीटर जाडीची). साडू म्हणजे गॅरेज लाइनमधलं जुनं खोड, आयुष्य गाड्यांच्या वायरिंगमध्ये गेलेलं. इंजिन चालू केलं, अल्टरनेटरच्या बोल्टवर मीटर लावला, १४.२. घरात येऊन बॅटरीवर लावला, १२.८. जाऊन-येऊन वीस मीटर तांबं, ४ स्क्वेअर, रेझिस्टन्स ०.०८६ ओहम. १६ अँपिअर वाहत होते आणि १.४ व्होल्ट वायरच खात होती. ३० अँपिअर ढकलायचे म्हटले तर अडीच व्होल्टच्या वर जातात. कटआउट आपल्याच बोल्टवरचे व्होल्ट बघतो आणि आपलं काम झालं म्हणून फील्ड (अल्टरनेटरच्या आतल्या फिरत्या कॉइलचा, म्हणजे रोटरचा करंट) सैल सोडतो. घरात बॅटरी अर्धपोटी.

साडू म्हणाले, "पाव्हणं, त्यात काय, कटआउटला फसवायचं. दोन डायोड घालतो सिरीजला." मी म्हटलं, नको, बॅटरीच्या टोकापासून वेगळी वायर आणू आणि तिच्यावर व्होल्ट मोजू. ते हसले. मागचं झाकण उघडून कटआउटच्या पॉझिटिव्हला दोन डायोड घातलेसुद्धा. आता त्याला १.४ व्होल्ट कमी दिसायला लागले, म्हणून तो १५.६ काढायला लागला. संध्याकाळी बॅटरी जोरात चार्ज होत होती आणि साडूंना चहाबरोबर शाबासकीही मिळाली.

पण बॅटरी भरत आली की करंट उतरतो. ३ अँपिअरवर तीच वायर फक्त पाव व्होल्ट खाते. डायोडचे १.४ मात्र तसेच. म्हणजे भरलेल्या बॅटरीवर १५.३ व्होल्ट, तासन् तास. पाणी खळाखळा उकळलं, खोलीत अ‍ॅसिडचा वास, फरशीवर पांढरे डाग. साडूंच्या मते बॅटऱ्याच जुन्या होत्या. प्रत्येक लग्नकार्यात अजून तेच सांगतात. वायरीतला तोटा करंटबरोबर बदलतो, डायोडचा बदलत नाही, हे त्यांना पटवण्याचा नाद मी सोडलेला नाही.

मग मी रेग्युलेटर बनवला. जुना कटआउट काढून ब्रशची दोन्ही टोकं बाहेर घेतली. रोटरचा रेझिस्टन्स साडेतीन ओहम, म्हणजे फील्डला फार तर ४ अँपिअर. एक टोक पॉझिटिव्हला, दुसरं आयआरएफझेड ४४ मॉसफेटमधून (इलेक्ट्रॉनिक स्विचच तो) अर्थला. व्होल्ट मोजायला टीएल ४३१ ही तीन पायांची आयसी. तिच्या रेफरन्स (मोजायच्या) पिनला वर ४.७ के (किलोओहम) रेझिस्टन्स, खाली १ के, की १४.२ ला स्विच होतो; थोडं वर-खाली करायला २०० ओहमचा प्रीसेट (फिरवून कमी-जास्त करायचा रेझिस्टन्स). टीएल ४३१ चा कॅथोड २ व्होल्टच्या खाली जात नाही, त्यामुळे तो थेट मॉसफेटच्या गेटला (चालू-बंद करणाऱ्या पिनला) जोडला तर मॉसफेट नीट बंद होण्याची खात्री नाही, आणि टीआयपी १२२ सारखा डार्लिंग्टन ट्रान्झिस्टर तर बंदच होणार नाही. मध्ये ३.३ व्होल्टचा झेनर डायोड घाला, गेटपासून अर्थला १० के, कॅथोडला पॉझिटिव्हवरून १ के. ड्रेनपासून (मॉसफेटच्या फील्डकडच्या पिनपासून) रेफरन्स पिनला ४७० के लावा. तो नसला तर मॉसफेट अर्धवट उघडा राहून तापतो. फील्डला उलटा ६ अँपिअरचा डायोड हवाच.

आणि वरचा ४.७ के अल्टरनेटरला नाही, बॅटरीच्या टोकापासून आणलेल्या वेगळ्या बारीक वायरीला. तिच्यातून काही मिलीअँपिअरच जातात, त्यामुळे लांबी कितीही असली तरी फरक पडत नाही. तुमच्या अल्टरनेटरला 'एस' नावाची वेगळी पिन असेल तर एवढं सगळंही नको, तीच वायर बॅटरीपर्यंत न्या.

मुख्य वायर तरीही जाड घ्या. १६ स्क्वेअरला ३० अँपिअरवर पाऊण व्होल्टच्या आत जातात.

आता ज्या गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या. ही बारीक वायर तुटली तर रेग्युलेटरला वाटतं बॅटरी रिकामी आहे, आणि तो फील्ड पूर्ण उघडतो. म्हणून अल्टरनेटरच्या बोल्टपासून त्याच मोजायच्या टोकाला १०० ओहम, १ वॅटचा रेझिस्टन्स लावून ठेवा. वायर तुटली की तो जवळचे व्होल्ट मोजायला लागतो. मुख्य वायर चालू इंजिनावर सुटली तर मात्र वाचवणारं काही नाही, डायोड उडतात. बॅटरीपाशी फ्यूज हवा, पण अल्टरनेटरच्या कमाल करंटपेक्षा मोठा, आणि वायरीच्या टोकांचे लग्ज पक्के आवळलेले. इंजिन बंद केल्यावर फील्डचा स्विचही बंद करा, नाहीतर ४ अँपिअर रात्रभर जात राहतात. एप्रिल-मेमध्ये प्रीसेट १४.१ ला आणा. बॅटरीच्या खोलीची खिडकी उघडी ठेवा, हायड्रोजन निघतो.

लिथियम बॅटरी घेणार असाल तर यातलं काहीच लागू नाही. ती इतका करंट ओढते की लहान गाडीचा अल्टरनेटर तापून जळतो. तिथे व्होल्टबरोबर करंटही मोजणारा रेग्युलेटर लागतो, आणि तो विकतच घ्या.