ड्रॅनिथ मॅजिस्ट्रेट: दोन मानाचा, 1/3, स्वतः काहीच करत नाही. कमांडर डेकमध्ये याला जागा द्यावी का?

मॅजिक: द गॅदरिंग या पत्त्यांच्या खेळातल्या या प्राण्याबद्दल तुमच्या प्रश्नात ‘स्वतः काहीच करत नाही’ हे वाचलं आणि राहवलं नाही. घ्या. पांढरा रंग असेल आणि डेक स्वस्त प्राण्यांचा असेल तर बेधडक घ्या.

तुम्ही पत्त्यावरचे आकडे बघताय: टाकायला लागणारी माना (लँड पत्त्यांतून मिळणारी शक्ती) दोन, मारा 1, टफनेस म्हणजे सोसण्याची ताकद 3. 1/3 कोणाला घाबरवणार? पण खोडा घालणाऱ्या पत्त्याची किंमत समोरच्याच्या हातात अडकून पडलेल्या पत्त्यांवरून काढायची असते. प्रतिस्पर्ध्यांना हाताशिवाय दुसरीकडून मंत्र टाकता येत नाही, एवढं एकच वाक्य त्यावर आहे. (लँड सोडून टाकलेला कोणताही पत्ता, अगदी प्राणीही, मंत्रच.) आणि कमांडर हा खेळाचा प्रकारच हाताबाहेरच्या एका पत्त्याभोवती रचलेला आहे: प्रत्येकाचा मुख्य प्राणी, म्हणजे त्याचा कमांडर, कमांड झोन या वेगळ्या जागी असतो आणि तिथूनच टाकला जातो!

आमचा चौघांचा एक डाव सांगतो. दुसऱ्या टर्नला मी मॅजिस्ट्रेट ठेवला. उजवीकडे माझा जुना मित्र होता, त्याचा कमांडर पाच मानाचा. तो आला की टोकन (पत्त्याशिवायचे छोटे प्राणी) येणार, टोकन मेली की पत्ते मिळणार, असा सगळा डेक त्या एकावर उभा. पाचव्या टर्नला त्याच्यापुढे पाच लँड होत्या, हात भरलेला होता, आणि टाकण्यासारखं काही नव्हतं. सहाव्यालाही नाही, सातव्यालाही नाही.

समोरच्या मैत्रिणीचा कमांडर दोन मानाचा. तिची टर्न माझ्या आधी यायची, त्यामुळे तो मॅजिस्ट्रेटच्या आधीच खाली आला होता. तिला सुरुवातीला काहीच फरक पडला नाही. चौथ्या टर्नला मी त्या कमांडरवर स्वोर्ड्स टू प्लाउशेअर्स टाकलं. एक माना, प्राणी एक्झाइल, म्हणजे डावाबाहेर. एरवी काय होतं? कमांडर कमांड झोनमध्ये जातो आणि दोन माना जास्त भरून परत येतो. या वेळी तो तिथेच बसून राहिला. एक मानाचं स्वोर्ड्स मॅजिस्ट्रेटशेजारी किती जड होतं, ते मला त्या दिवशी कळलं. ती चिडली नाही. लँड ठेवत राहिली, पत्ते ओढत राहिली, आणि नवव्या टर्नला हातातल्या एका मंत्राने तिने मॅजिस्ट्रेट मारला. मग चार माना भरून कमांडर परत आणला.

तोवर माझ्या दोन-दोन, तीन-तीन मानाच्या प्राण्यांनी सात टर्न मारा केला होता. मित्राचे प्राण 40 वरून 6 वर आले होते. डाव मी जिंकला.

मित्र म्हणाला, “तू खेळला नाहीस, फक्त आम्हाला खेळू दिलं नाहीस.” मी ते मनावर घेतलं आणि पत्ता काढून टाकला. वर्षभर तो डब्यात पडून होता. नंतर एकदा त्याचाच डेक सुधारायला आम्ही बसलो, तेव्हा मी मोजलं. 99 पत्त्यांत समोरचा प्राणी मारणारे मंत्र दोन. फक्त दोन! बाकीचे त्याने कमांडरला साथ देणाऱ्या पत्त्यांसाठी काढले होते. त्याच टेबलावर मैत्रिणीने उत्तर शोधलं, कारण तिच्या डेकमध्ये उत्तरं होती. तीन टफनेसचा एक प्राणी मारता येत नसेल तर दोष त्या प्राण्याचा नाही. आणि मोडता घालणं हे काही कालचं खूळ नाही, 1993 च्या पहिल्याच संचात स्टॅसिस आणि विंटर ऑर्ब हे अडवणारे पत्ते होते. दुसऱ्याला अडवणं हासुद्धा खेळच आहे. हे मी त्याच दिवशी म्हणायला हवं होतं.

तुमच्या प्रश्नाकडे येतो. तुमच्या टेबलावरचे लोक हाताबाहेरून किती मंत्र टाकतात ते बघा. कमांडर धराच, पण फ्लॅशबॅक (ग्रेव्हयार्डमधून, म्हणजे वापरलेल्या पत्त्यांच्या ढिगातून, मंत्र पुन्हा टाकणं), कॅस्केड (एका मंत्रासोबत डेकमधला दुसरा फुकट टाकणं), ॲडव्हेंचरनंतर (पत्त्यावरचा छोटा मंत्र आधी वापरल्यावर) एक्झाइलमधून येणारा प्राणी, डेकच्या वरचा पत्ता थेट टाकणं, हे सगळं बंद होतं. ग्रेव्हयार्डमधून प्राणी सरळ मैदानात आणणारे मंत्र बंद होत नाहीत, कारण तो प्राणी ‘टाकला’ जात नाही. लँडही अडत नाहीत. आणि तुमच्या स्वतःच्या पत्त्यांना काहीच धक्का लागत नाही. 2012 ची थालिया, गार्डियन ऑफ थ्रेबेन हीसुद्धा दोनच मानाची, पण प्राणी सोडून प्रत्येक मंत्र ती सगळ्यांना एक मानाने महाग करते, तुम्हालाही. थालिया सगळ्यांना थोडं थोडं थोपवते. मॅजिस्ट्रेट एखाद्याला पार बांधून टाकतो आणि शेजारच्याला शिवतही नाही. म्हणून टेबल ओळखल्याशिवाय याची किंमत सांगता येत नाही.

मॅजिस्ट्रेट वेळ विकत घेतो. त्या वेळात मारा करणारं तुमच्याकडे काही नसेल तर अजिबात घेऊ नका. सगळ्यांना बांधून ठेवायचं आणि स्वतःही नुसतं बसायचं, असा डाव कोणालाच नको असतो. तिथे माझा मित्र बरोबर होता, हे मान्य करतो.

आणखी काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या. आठव्या टर्नला ओढलेला मॅजिस्ट्रेट बऱ्याचदा नुसता 1/3 च असतो, कारण तोवर सगळ्यांचे कमांडर खाली आलेले असतात. समोरच्याचा कमांडर हातात परत पाठवणारा मंत्र तुमच्याकडे असेल तर तो याच्यासोबत वापरू नका. मालक त्याला कमांड झोनऐवजी हातातच ठेवेल आणि हातातून टाकेल. कमांड बीकन ही लँड कमांडर थेट हातात आणते, तिच्याकडे लक्ष ठेवा. आणि 2025 मध्ये आलेल्या ब्रॅकेट पद्धतीत (डेकच्या ताकदीनुसार केलेले गट) हा पत्ता गेम चेंजर, म्हणजे डाव फिरवणाऱ्या पत्त्यांच्या, यादीत आहे. पहिल्या दोन ब्रॅकेटमध्ये तो चालत नाही, तिसऱ्यात असे एकूण तीनच पत्ते चालतात. डाव सुरू होण्याआधी टेबलावर सांगून टाका.

माझा पत्ता डब्यातून डेकमध्ये परत गेला आहे. मित्राच्या डेकमध्ये प्राणी मारणारे मंत्र आता सात आहेत.