पट्ट्याला कोणतं लावू: वेव्ह प्लस की स्पिरिट?

खिशातल्या किंवा पट्ट्याच्या मल्टीटूलबद्दल, म्हणजे पक्कड, पातं, कात्री असं सगळं एकात असलेल्या घडीच्या हत्याराबद्दल आलेल्या बहुतेक पत्रांत दोनच नावं आहेत. एक लेदरमन वेव्ह प्लस, अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या कंपनीचं. दुसरं व्हिक्टोरिनॉक्सचं स्विसटूल स्पिरिट. म्हणून या वेळचं सदर या जोडीला आणि तिच्या देखभालीला दिलं आहे.

प्रश्न : कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात मशीन शॉपमध्ये मेंटेनन्सला आहे. दिवसभर पॅनेल उघडा, केबल टाय तोडा, आलेल्या मालाची खोकी फोडा. वेव्ह प्लस आणि स्पिरिट या दोनांवर येऊन अडकलोय. दोन्ही काही परवडणार नाहीत. एकच सांगा की.

उत्तर : स्पिरिट घ्या. पण कशामुळे ते समजून घ्या, कारण तुमच्या शेजारच्या शॉपमधल्या माणसाला कदाचित आम्ही वेव्ह सांगू.

दोन्हींत पक्कड आहे, पाती आहेत, कात्री आहे, करवत आणि कानसही आहे. वेव्ह प्लस मिटवलेली असताना १० सेंटिमीटर लांब आणि २४१ ग्रॅम वजनाची. स्पिरिट साडेदहा सेंटिमीटर लांब, वजन २१० ग्रॅमच्या आसपास. कागदावर एवढाच फरक दिसतो. हातात खरा फरक जाणवतो तो हत्यारं कुठे बसवली आहेत त्याचा. वेव्हमध्ये साधं पातं, दातेरी पातं, करवत आणि कानस बाहेरच्या अंगाला आहेत. दोन्ही पात्यांना अंगठ्यासाठी भोक असल्यामुळे एका हातात खोकं धरून दुसऱ्या हातानं पातं उघडता येतं. कात्री, स्क्रू ड्रायव्हर, डबा फोडायचं हत्यार मात्र मुठींच्या आत. त्यांच्यासाठी आधी पक्कड उघडायची, मुठी फाकवायच्या, मग नखानं हवं ते काढायचं. स्पिरिटमध्ये पक्कड सोडून सगळंच बाहेरून निघतं. पातं उघडायला दोन हात लागतात, पण कात्री आणि स्टार स्क्रू ड्रायव्हरही तेवढ्याच सहज निघतो. उघडलं की खट्ट करून लॉक बसतं आणि मिटवताना मुठीवरचा खटका सरकवावा लागतो.

तुमचा हात दिवसातून जास्त वेळा स्क्रूकडे जातो. वेव्हमध्ये स्टार आणि चपटं टोक एकाच चपट्या बिटच्या दोन बाजूंना असतं आणि ही बिट सॉकेटातून निघते. घरच्या कामाला ही सोय चांगलीच. पॅनेलमध्ये मात्र बिट स्क्रूच्या खाचेत आवळून बसली आणि तुम्ही हात मागे घेतला, की ती सॉकेट सोडून स्क्रूतच राहते आणि पुढच्या धक्क्याला खाली पडते. खाली बसबार (वीज वाहणारी उघडी पट्टी) असेल तर काय होईल ते तुम्हाला सांगायला नको. स्पिरिटचा स्टार पक्का आहे, पडायला काही नाही. एक अडचण दोन्हींची सारखीच : खोल टर्मिनलशी रुंद मूठ पॅनेलच्या कडेला आडवी येते. तिथे साधा लांब स्क्रू ड्रायव्हरच हवा, मल्टीटूलवर अडून बसू नका.

केबल टाय पात्यानं कापू नका. पातं टायखालून सरकतं, टाय तुटतो त्या झटक्यात ते पुढे जातं आणि वायरचं इन्सुलेशन कापतं. पकडीच्या मुळाशी असलेल्या कटरनं टायच्या गाठीलगत दाबा.

दिवसभर खोकी, पट्ट्या, दोऱ्या कापणं आणि तारा तोडणं हेच काम असेल तर वेव्ह पुढे. तिचे तार कापायचे कटर वेगळ्या, १५४सीएम पोलादाचे आहेत आणि स्क्रूनं बसवलेले असल्यामुळे खराब झाले की बदलता येतात. स्पिरिटचे कटर पकडीचाच भाग आहेत, एकदा खाच पडली की पडली. ४० एचआरसीहून (एचआरसी हे पोलादाच्या कडकपणाचं माप) कडक तार त्यात घालायची नाही असं कंपनीचंच सांगणं आहे. मोटारसायकलच्या क्लच केबलची आतली तार किंवा स्प्रिंगची तार त्याहून कडक असते.

प्रश्न : दादा, कागल तालुक्यात ऊस आहे. मोटरची लाईट रात्रीची, फ्यूज गेला की अंधारात स्टार्टर उघडावा लागतो. मोठ्या भावानं दिलेलं वेव्ह आहे. त्याचं पातं आता उघडतच नाही, गेल्या गुऱ्हाळापासून चिकट झालंय. तेल घालून घालून थकलो.

उत्तर : आधी स्टार्टरचं, कारण ते जिवाचं आहे. वेव्ह असो वा स्पिरिट, मुठी उघड्या पोलादाच्या आहेत. वायर सोलायची खाच आहे, वायरच्या टोकाची थिंबल दाबायची जागाही आहे, म्हणजे हे विजेचं हत्यार झालं असं समजू नका. मेन स्विच पाडा, टेस्टरनं तिन्ही फेज तपासा, मगच हात घाला. सिंगल फेज मोटर असेल तर लाईट बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये विजेचा भार राहतो. चालू लाईटवर काम करायची वेळ येतच असेल तर १००० व्होल्ट आणि दुहेरी त्रिकोणाची खूण असलेली इन्सुलेटेड पक्कड पेटीत ठेवा.

आता चिकटपणा. तुमच्या बिजागरीत काकवी किंवा गूळ बसला आहे. साखर तेलात विरघळत नाही, म्हणून तुम्ही घातलेलं तेल त्या थरावरून नुसतं वाहून गेलं, आणि उलट त्याच तेलाला शेतातली धूळ चिकटली. हात सोसेल एवढ्या गरम पाण्यात भांड्याच्या साबणाचे चार थेंब घाला, हत्यार सगळं उघडून अर्धा तास बुडवून ठेवा. पातं निघत नसेल तर जोर लावू नका, भिजल्यावर ते आपोआप सुटतं. मग जुन्या टूथब्रशनं प्रत्येक बिजागरी घासा आणि पाण्यातच दहा-बारा वेळा उघडमीट करा. पाणी तपकिरी व्हायचं थांबेपर्यंत पाणी बदला. नंतर झटका, फडक्यानं पुसा, उन्हात तासभर उघडं ठेवा. मग प्रत्येक बिजागरीवर शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब. दोन नकोत.

तुम्ही कोणतं तेल घालत होतात ते लिहिलेलं नाही. खोबरेल असेल तर ते कारणात धरा. खोबरेल २४ अंशांच्या आसपास गोठतं, आणि आपल्याकडे डिसेंबरच्या पहाटे बाटलीत ते पांढरं झालेलं दिसतंच. शेंगतेल हवेनं हळूहळू डिंकासारखं होतं. ही दोन्ही तेलं स्वयंपाकघरातच राहू द्या.

प्रश्न : चप्पल लाईनवरून ओळखीच्या कारागिराकडून मल्टीटूलसाठी कोल्हापुरी चामड्याचं कव्हर शिवून घेतलं. देखणं झालंय. पण पावसाळ्यात पात्यावर निळसर काळे डाग आले. स्टेनलेस ना ते? मग खोटं दिलं का मला?

उत्तर : खोटं नाही, आणि कारागिराचीही चूक नाही. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावतात. त्यात टॅनिन असतं. ओलसर चामड्यातलं टॅनिन आणि पोलादातलं लोखंड एकत्र आलं की काळसर निळा रंग तयार होतो. जुनी शाई याच रीतीनं करत. स्टेनलेस म्हणजे डाग कमी पडतात, पडतच नाहीत असं नाही. धार टिकावी म्हणून पात्याच्या पोलादात कार्बन जास्त असतो, त्यामुळे ताटवाटीच्या स्टीलपेक्षा ते लवकर डागाळतं.

डाग वरवरचा आहे. खायच्या सोड्यात थोडं पाणी घालून दाट लेप करा आणि बोटानं पात्याच्या लांबीच्या दिशेनं चोळा. तारेची घासणी लावू नका, तिच्या ओरखड्यांत पुढचा गंज बसतो. जून ते सप्टेंबर नायलॉनचं कव्हर वापरा, चामड्याचं दिवाळीला बाहेर काढा. आणि रात्री कोणत्याही कव्हरमध्ये हत्यार ठेवू नका. गगनबावड्यावरून किंवा फोंडा घाट उतरून मालवणला जाणार असाल तर समुद्राकाठून परत आल्या दिवशीच गोड्या पाण्यानं धुऊन तेल द्या. खाऱ्या वाऱ्यानं बिजागरीत गंज धरतो आणि तो बाहेरून दिसत नाही.

प्रश्न : स्पिरिटची पक्कड मिटवली की टोकं एकमेकांवर चढतात, जुळत नाहीत. तीनच महिने झालेत. (गोकुळ शिरगाव)

उत्तर : बहुधा तिनं नट फिरवला गेला आहे. पकडीचा जबडा दाबण्यासाठी बनवलेला असतो. आवळलेला नट धरून मूठ आडवी पिळली की सगळा जोर मधल्या एका खिळीवर येतो आणि जबडे बाजूला सरकतात. स्पिरिटचं नाक निमुळतं असल्यामुळे तिच्यात हे आधी दिसतं. वेव्हचं नाक थोडं जाड आहे, ते जास्त सोसतं, पण नियम तोच : ८ मिमीच्या वरच्या बोल्टला पाना लावा. घरी हातोडीनं ठोकून सरळ करू नका, खीळ सैल होईल आणि कंपनीची हमीही जाईल. व्हिक्टोरिनॉक्स साहित्यातल्या आणि बनावटीतल्या दोषांसाठी आयुष्यभराची हमी देते, लेदरमन २५ वर्षांची. दोघीही चुकीच्या वापराचं नुकसान त्यात धरत नाहीत. तरी पावती घेऊन अधिकृत विक्रेत्याला दाखवा.

प्रश्न : धार घरी कशी लावायची? दारावर येणाऱ्या धारवाल्याकडे दिलं तर चालेल का?

उत्तर : विळी-सुरीला तो उत्तम आहे. या पात्याला नको. कोरड्या चाकावर बारीक धार क्षणात तापते, कडेला निळा पट्टा दिसला की तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं. मग तेवढा भाग घासून काढेपर्यंत धार टिकत नाही.

बारीक निसणा घ्या, १००० ग्रिटचा पुरे. तो पाण्यात दहा मिनिटं भिजवा. धारेच्या कडेवर काळ्या मार्करनं रेघ ओढा. पात्याची पाठ दगडापासून किती उचलायची हीच खरी मेख. पातं १८ मिमी रुंद धरलं तर पाठ ६ मिमी वर, म्हणजे सुमारे २० अंशांचा कोन. रुपयाची चार नाणी एकावर एक ठेवली की जवळजवळ तेवढी उंची होते. पाठ त्या थप्पीवर टेकवून कोन बघून घ्या, मग नाणी काढा. मूठ ते टोक असं हलक्या हातानं ओढा आणि चार ओढींनंतर मार्कर बघा. शाई धार सोडून फक्त मागची गेली तर पाठ थोडी उचला आणि फक्त धारेच्या टोकाची गेली असेल तर तीच खाली आणा. पूर्ण रेघ सारखी जाऊ लागली की कोन बरोबर. एका बाजूनं घासत राहिलात की दुसऱ्या बाजूला बोटाला बारीक काठ लागतो. तो पात्याच्या पूर्ण लांबीला लागला तरच बाजू बदला. शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर पाठ पुढे करून दहा वेळा ओढा.

वेव्हचं दातेरी पातं या दगडावर लावू नका. त्याला गोल सिरॅमिक कांडी लागते, आणि दाते पाडलेल्या एकाच बाजूनं, एकेक खाच घ्यायची. महिन्यातून एकदा पुरतं.

प्रश्न : बरोबर बाळगलं तर पोलीस पकडतील का? अंबाबाईच्या दर्शनाला जाताना काय करायचं?

उत्तर : शस्त्र नियमांत परवान्याची गोष्ट येते ती नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांची. वेव्हचं पातं साडेसात सेंटिमीटरच्याही आत आहे. पण गणेशोत्सव, निवडणूक, मोर्चे अशा वेळी महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघतो, आणि त्यात चाकू बाळगायलाही बंदी असू शकते. त्या दिवसांत घरी ठेवा. मंदिरात पात्याची वस्तू नेऊच नका, गाडीच्या डिकीत राहू द्या. उजळाईवाडीहून विमानानं जाणार असाल तर ते चेक-इन बॅगेत, हातातल्या बॅगेत काढून घेतलं जाईल.

प्रश्न : मी शिक्षिका आहे. पर्समध्ये हलकं काही हवं. ही दोन्ही मला जड वाटतात.

उत्तर : ताई, तुम्हाला यांतलं एकही नको. व्हिक्टोरिनॉक्सचं ५८ मिमीचं क्लासिक एसडी घ्या. पातं, कात्री, नखाची कानस, चिमटा, सगळं मिळून वीसेक ग्रॅम. शाळेत नेण्याआधी मुख्याध्यापकांना विचारून ठेवा.

प्रश्न : जुनं वेव्ह ओळखीतून स्वस्तात मिळतंय. काय तपासू?

उत्तर : पक्कड मिटवून उजेडाकडे धरा. टोकाशी फट दिसता कामा नये. पातं उघडून पाठ टेबलाच्या कडेवर हलकेच दाबा, बोटं पात्याच्या वाटेत न ठेवता. लॉक सरकलं तर घेऊ नका. पातं आडवं हलवून बघा. किंचित हललं तर खीळ आवळून भागतं. कात्रीनं ओली प्लास्टिकची पिशवी कापा, ती दुमडून पात्यांत शिरली तर कात्री गेलेली आहे. बिट जागेवर आहे का ते पाहा, तिच्या जागी बाजारातली साधी षटकोनी बिट बसत नाही. शेवटी कटरमध्ये नख फिरवा. खाच लागली आणि ते वेव्ह प्लस असेल तर घाबरू नका, त्याचे कटर बदलता येतात (आधीच्या साध्या वेव्हचे येत नाहीत), फक्त नव्या कटरचे पैसे मागणाऱ्याच्या किमतीतून वजा करा.