जुनी गाडी कधी चालू, कधी बंद: स्टार्टिंगची प्रश्नोत्तरे

या वेळी बरेचसे प्रश्न एकाच दुखण्याचे आलेत. गाडी कधी एका सेल्फला चालू, कधी अर्धा तास हलत नाही, आणि गॅरेजला नेली की शहाण्या मुलासारखी लगेच चालू होते, मग मेकॅनिक तरी काय शोधणार? म्हणून सगळ्यांनाच आधी एक सांगतो, पार्ट बदलायची घाई करू नका, गाडी अडेल त्या क्षणी काय ऐकू आलं ते मोबाईलमध्ये लिहून ठेवा. अजिबात आवाज नाही, नुसता टक्, की सेल्फ (इंजिनला फिरवणारी स्टार्टर मोटर) छान फिरतोय पण इंजिन पकडत नाही, हे तीन वेगळे आजार आहेत आणि तिघांचं औषध वेगळं आहे.

प्रश्न (सांगली): मारुती ८००, २००४ ची. चावी फिरवली की कधी कधी नुसता टक् आवाज येतो, डॅशचे दिवे लागतात पण सेल्फ फिरत नाही. पाच-सहा वेळा केलं की चालू. बॅटरी चार महिन्यांपूर्वी नवीन टाकली. वायरमन म्हणतो सेल्फ बदला. बदलू का?

थांबा, अजून नको. टक् आला म्हणजे चावीपासून सोलेनॉइडपर्यंत (सेल्फवरचा, मोठा करंट जोडणारा विजेचा स्विच) करंट पोचतोय, पुढे सेल्फ फिरवायला जो मोठा करंट लागतो तो कुठेतरी अडतोय. दिवे लागतात म्हणून बॅटरी आणि वायरी ठीक असं धरू नका, दिव्याला थोडासाच करंट लागतो आणि सेल्फ शंभर अँपिअरच्या आसपास ओढतो.

एक साधा मल्टीमीटर घ्या. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या जवळ हवी, १२.२ दिसली तर ती अर्धीच भरलीय. मग कुणाला तरी चावी मारायला बसवा, आणि मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनस खांबावर (क्लॅम्पवर नाही, शिशाच्या खांबावरच) आणि दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरा. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. सेल्फ मारताना इथे अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंग खराब आहे. असंच प्लसच्या बाजूनेही करायचं, बॅटरीच्या प्लस खांबापासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत. पण हे माप टक् होत असताना घेतलं तरच उपयोग, गाडी मजेत चालू होत असताना सगळं बरोबरच दिसेल.

माझ्या स्वतःच्या जुन्या गाडीत अगदी हेच झालं होतं, एका गॅरेजने सेल्फ दोनदा उघडून बसवला आणि शेवटी निघालं काय तर मायनसची केबल, वरून रबर एकदम चांगलं पण क्लॅम्पजवळ आतली तांब्याची तार हिरवी होऊन पिठासारखी झालेली. म्हणून केबल वाकवून बघा, आत करकर लागली तर सरळ नवीन टाका.

दोन्ही बाजू स्वच्छ निघाल्या तर मग मात्र सेल्फच. तरी अख्खा बदलायच्या आधी खोलून घ्या, सोलेनॉइडच्या आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट जळलेले असतात किंवा कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे, झिजणारे तुकडे) संपलेले असतात. अडल्यावर सेल्फच्या अंगावर लाकडी दांड्याने हलकं ठोकलं आणि तो फिरला तर ब्रशचा संशय पक्का धरा. ब्रश नवीन सेल्फच्या मानाने खूप स्वस्तात होतात.

प्रश्न (नागपूर): सँट्रो, २००६. सकाळी एकदम झकास चालू होते. पण उन्हाळ्यात तासभर चालवून पेट्रोल भरायला किंवा भाजी घ्यायला थांबलो की मग सेल्फ फिरतो आणि इंजिन पकडतच नाही. अर्ध्या तासाने आपोआप चालू. पत्नी आणि लहान मुलगी सोबत असताना दोनदा रस्त्यात उभे राहिलो.

मे महिन्यातल्या नागपुरात लेकराला घेऊन असं उभं राहणं किती त्रासाचं आहे ते कळतं, म्हणून हे पुढे ढकलू नका.

गरम झाल्यावर अडते आणि गार झाल्यावर सुटते, यात माझा पहिला संशय क्रँक सेन्सरवर. इंजिन कुठे फिरतंय हे तो ईसीएमला (इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर) सांगतो, आणि आतली तार उष्णतेने तुटक झाली की तो गप्प बसतो, मग स्पार्कही नाही आणि इंजेक्टरही उघडत नाही. इंजिन बंद केल्यावर पंखा आणि वारा थांबतो, बॉनेटखालची उष्णता उलट वाढते, म्हणूनच चालताना काही होत नाही आणि थांबल्यावर होतं. दुसरा संशय गाडीतला पेट्रोल पंप किंवा त्याचा रिले (पंपाचा करंट चालू-बंद करणारा स्विच).

दोघांतला कोण ते असं ओळखा. अडली की खिडक्या बंद करून, सेल्फ न मारता चावी ऑन करा, मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक घूं ऐकू यायला हवं. नाही आलं तर पंप, रिले, फ्यूज बघा. आलं तर चावी तीन-चार वेळा ऑन-ऑफ करून मग सेल्फ मारा, असं केल्याने चालू झाली तर पेट्रोलच्या लाईनमधलं प्रेशर थांबल्यावर उतरतंय. यातलं काहीच नाही तर ओलं फडकं पिळून क्रँक सेन्सरवर काही मिनिटं ठेवायला सांगा (पंखा आणि बेल्टपासून हात लांब, चावी काढलेली), गार केल्यावर लगेच पकडली तर चोर सापडला. स्कॅनरवर कोड आला नाही म्हणून सेन्सर चांगला असं समजू नका, अशा तुटक बिघाडात कोड बरेचदा येतच नाही.

आणि प्लगची वायर काढून हवेत धरून स्पार्क बघायचा जुना प्रकार या गाडीवर कुणाला करू देऊ नका, कॉईल किंवा ईसीएम जाऊ शकतो.

प्रश्न (रत्नागिरी): वडिलांची प्रीमियर पद्मिनी जपून ठेवलीय. पावसाळ्यात सकाळी चालू व्हायला फार छळते, दुपारी ऊन पडलं की नीट.

वडिलांची गाडी जपताय हे वाचून फार बरं वाटलं. हा ओलाव्याचा खेळ आहे. डिस्ट्रिब्युटरची (प्रत्येक प्लगला स्पार्क वाटून देणारा भाग) टोपी काढा, आतून पुसा, केसासारखी बारीक काळी रेघ दिसते का बघा, त्या रेघेतून स्पार्क पळतो आणि ती पुसून जात नाही, टोपी बदलावीच लागते. रात्री अंधारात इंजिन चालू करून बॉनेट उघडा, प्लगच्या वायरींवर निळ्या ठिणग्या नाचताना दिसल्या तर वायरी बदला. पॉइंटची (डिस्ट्रिब्युटरमधले, उघडझाप करून स्पार्क पाडणारे कॉन्टॅक्ट) फट साधारण ०.४ ते ०.५ मिलीमीटर, आणि पॉइंट सारखे जळत असतील तर त्यांना जळण्यापासून वाचवणारा कंडेन्सर नवीन.

गाडी आठ-दहा दिवस उभी असेल तर कार्बोरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं, पंप इंजिनवर चालणारा असल्याने वाटी भरेपर्यंत सेल्फ मारावा लागतो, त्यात बिघाड काही नाही. पाच-सात सेकंद मारा, थोडं थांबा, परत मारा.

प्रश्न (नाशिक): इंडिका डिझेल, थंडीत सकाळी खूप वेळ सेल्फ मारल्यावर पांढरा धूर सोडत चालू होते, पण रोज नाही.

पांढरा धूर म्हणजे डिझेल आत जातंय पण पेटत नाही. चारही ग्लो प्लग (चालू करण्याआधी सिलिंडर आतून तापवणारे प्लग) काढून तपासा, आणि त्यांच्या रिलेला करंट येतो का तेही, रोज होत नाही म्हणता तर रिलेच धरा आधी. धूर अजिबात न येता नुसता सेल्फ फिरला त्या दिवशी मात्र डिझेलच्या लाईनमध्ये हवा शिरलीय का बघायचं, डिझेल फिल्टरच्या पुढे थोडा पारदर्शक पाइप लावून ठेवा, बुडबुडे डोळ्यांनी दिसतात.